माजघरात ऊन येत नाही, फिशटँकमध्ये खरी झाडं जगतील का?

ओसरीवाली
१४ जून, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचं घर इंदुरात, रामबागेत. जुनं आहे. पुढे ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. माजघराला एकच खिडकी आणि तीही शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडते, त्यामुळे भर दुपारी बारालासुद्धा दिवा लावावा लागतो. लेकानं दहावीत असताना तिथे दोन फुटी टँक आणून ठेवला. आता तो पुण्याला शिकायला गेला आणि टँक माझ्या गळ्यात. त्यात चार कोरिडोरा मासे आहेत आणि दहा-बारा गप्पी. गप्पींचा नक्की आकडा विचारू नका, सकाळचा आणि संध्याकाळचा वेगळा असतो.

प्लास्टिकची झाडं काढून खरी लावावीत म्हणून मार्चमध्ये एका दुकानात गेले. "कम लाइट में मस्त चलेंगे, दीदी" म्हणत त्यानं साडेतीनशे रुपयांत चार प्रकार दिले. एक लांब हिरव्या पानांचं, कडेला पांढरी पट्टी. एक जांभळ्या, सुरकुतलेल्या पानांचं. एक बाणाच्या आकाराच्या पानांचं. आणि चौथं अनुबियास, हे नाव त्यानं दोनदा सांगितलं म्हणून लक्षात राहिलं. पहिली तीन वीस दिवसांत खालून सडली, पाण्याला असा वास सुटला की सासूबाईंनी जेवणाचं पान ओसरीवर मागितलं. अनुबियास तेवढं आहे. पण तीन महिन्यांत पानं आली दोन, आणि जुन्या पानांवर हिरवे ठिपके बसलेत ते नखानं खरवडूनही निघत नाहीत. ऊन नाही म्हणून मी दिवा रोज अकरा तास लावते. तरी ही गत.

माझा हात वाईट की खोली वाईट?

---

काठावरचा बगळा
१४ जून, रात्री ११.२०

हात चांगला आहे, खोलीही चांगली आहे. दुकानदाराचं काय ते तुम्हीच ठरवा.

वर्णनावरून पांढऱ्या पट्टीचं ते ड्रेसिना, म्हणजे लकी बांबूचंच भावंड. जांभळं ते हेमिग्राफिस आणि बाणाच्या पानांचं सिंगोनियम. तिन्ही कुंडीतली झाडं आहेत. पाण्यात बुडवली तर दोन-चार आठवडे ताजी दिसतात, तेवढ्यात विकली जातात, मग सडतात. आपल्याकडे हा धंदा सर्रास चालतो. पुढच्या वेळी दुकानातच झाड पाण्याबाहेर काढून आडवं धरा. अंगभर पाण्यात राहणारं झाड ओल्या फडक्यासारखं लोंबतं, कारण पाणीच त्याला तोलून धरत असतं. ड्रेसिना काठीसारखं ताठ राहतं. मात्र अनुबियासही ताठच राहतं बरं का, ते ओढ्याकाठी निम्मं पाण्यात निम्मं बाहेर वाढणारं झाड आहे. तेव्हा ही परीक्षा त्याला लावू नका.

आता दोन प्रश्न. अनुबियासचं आडवं जाडसर खोड असतं, आल्याच्या कुडीसारखं. ते खडीत पुरलंय का? आणि दिवा किती वॅटचा?

---

ओसरीवाली
१५ जून, सकाळी ७.०५

पुरलंय! झाड म्हटल्यावर पुरायचंच ना? दिवा एलईडी आहे, डब्यावर १८ वॅट लिहिलंय. खाली पांढरी संगमरवरी खडी आहे, दोन इंच.

---

काठावरचा बगळा
१५ जून, सकाळी ९.३१

आजच्या आज उकरून काढा. अनुबियास आणि जावा फर्न या दोघांचं खोड उघड्यावर पाहिजे. मुळं खाली गेली तर हरकत नाही, खोड पुरलं की कुजतं. काढल्यावर बोटानं दाबून बघा. टणक असेल तर वाचलं. मऊ लागलं आणि वास आला तर धारदार ब्लेडनं कापत जा, आतून पांढरट-हिरवं, टणक लागेपर्यंत.

दिवा अकरा तासांवरून सहा तासांवर आणा. चार ते दहा ठेवा, संध्याकाळी तुम्हालाही बघायला मिळेल. झाडाला दिवस कोणता नि रात्र कोणती याच्याशी घेणं नाही, रोज वेळ तीच असली की झालं.

कारण सांगतो. तुम्ही अकरा तास उजेड लावता म्हणजे रोज अकरा तास पंगत बसवता. पण पानात वाढायला भात कुठंय? झाडाचा भात म्हणजे कार्बन, आणि पाण्यात तो हवेतून अगदी थोडा उतरतो. उतरला तरी पानापर्यंत पोचायला वेळ लागतो, कारण वायू पाण्यात पसरतो तो हवेच्या जवळजवळ दहा हजार पट हळू. अनुबियास तशीही चार घासांत उठणारी पाहुणी, तिला मोठी पंगत नकोच. मग मोकळ्या पाटांवर येऊन बसतं शेवाळ. त्याला कुठलंही पान चालतं, आणि जे पान वर्षभर जागचं हलत नाही ते सगळ्यात आवडतं. जोरात वाढणाऱ्या झाडाचं पान ठिपके बसायच्या आत जुनं होऊन खाली जातं. अनुबियासचं एकेक पान वर्ष-वर्ष टिकतं, त्यामुळे तिच्यावर सगळं दिसतं.

तीन महिन्यांत दोन पानं म्हणजे थोडी कमीच, पण खोड पुरलेलं असताना आली हेच नवल. बरी राहिली तर महिन्याला एखादं पान धरून चाला.

---

टेट्रा_टेक
१५ जून, दुपारी १.१५

भिया, हे सगळं ठीक, पण त्यापेक्षा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावा ना. माझ्याकडे विजयनगरला तीन फुटी टँक आहे, सिलिंडर, रेग्युलेटर, डिफ्यूजर, सगळं. आठवड्याला कात्री चालवावी लागते एवढं वाढतं. कमी उजेडात अनुबियास बघत बसणं म्हणजे भिंतीचा रंग वाळताना बघणं.

---

हायपो
१५ जून, दुपारी ४.५०

टेट्राबाळ, तू आठवड्याला कात्री चालवतोस, आणि परीक्षेच्या महिन्यात कात्री थांबली तेव्हा काय झालं ते तूच इथे लिहिलं होतंस. ताईंना घर आहे, सासूबाई आहेत, दहा-बारा गप्पी आहेत. त्यांनी सिलिंडर भरायला जायचं?

ताई, मी फोटोवाला. चाळीस वर्षं स्टुडिओ होता, म्हणून हे नाव. डार्करूममध्ये फिक्सिंगला जो हायपो वापरायचो तोच, सोडियम थायोसल्फेट, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतो. दहा लिटरच्या बादलीला साबुदाण्याएवढे दोन-तीन खडे पुरतात. स्टुडिओ बंद झाला, हायपोचा डबा अजून संपला नाही.

अनुबियास बांधायचं कसं ते सांगतो. नर्मदेचा एक गोटा घ्या, तळहातात मावेल एवढा, पण फार गुळगुळीत नको, आमच्या व्याह्यांच्या टकलासारखा. थोडा खडबडीत असला की मुळांना धरायला बरं. झाडाची मुळं दोन बोटं ठेवून कापा, लांब मुळं नुसती आडवी येतात. खोड दगडावर आडवं ठेवा, पानं वर. शिवणाच्या मशीनचा काळा सुती दोरा घ्या आणि खोडाच्या दोन पानांमधल्या जागेतून तीन वेढे द्या. देठावरून नाही, देठावरून ओढला की पान तुटतं. गाठ दगडाच्या पोटाखाली. दोरा इतकाच आवळा की बोटानं ढकललं तर खोड हलू नये, पण दोरा रुतू नये. दोन-तीन महिन्यांत सुती दोरा कुजून जातो, तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. फेव्हिक्विकचा थेंबही चालतो, ओल्यातही लगेच घट्ट होतं. पण मला दोराच बरा वाटतो. चूक झाली तर सोडता येतो.

सगळं करताना पानांवर ओलं फडकं ठेवा. पंख्याखाली दहा मिनिटांत कडा वाळतात.

---

गोदाक्का_बडोदेकर
१५ जून, रात्री ८.१२

मी मासे पाळत नाही, तळते. पण फोटो बघून विचारते, हे अनुबियास अळूसारखं का दिसतं? वड्या होतील का?

---

काठावरचा बगळा
१५ जून, रात्री ९.४०

गोदाक्का, तुमची नजर पक्की आहे. अळूच्याच कुळातलं आहे ते. अळू, सुरण, मनीप्लांट, सिंगोनियम, सगळी एका घरातली. पाण्यातली कमी उजेडाची जी झाडं लोक पाळतात त्यातली बरीचशी याच घरची. अनुबियास आफ्रिकेची, क्रिप्टोकोरिन श्रीलंकेपासून आपल्या कोकणापर्यंत, बुसेफॅलँड्रा बोर्निओतल्या ओढ्यांतल्या खडकांवरची, लॅगेनँड्रा केरळ-कर्नाटकातली. परसात नहाणीच्या पाण्यावर, भिंतीच्या सावलीला अळू कसं माजतं ते आठवा. हे त्याच खोडीचे लोक.

वड्या करू नका. अळूला खाज सुटते ती ज्या सुयांसारख्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांनी, ते या कुळात बहुतेक सगळीकडे असतात. म्हणून तर गोल्डफिशसारखे खादाड मासेही अनुबियासला तोंड लावून सोडून देतात. आणि चिंच घालून शिजवलं तरी साडेतीनशे रुपयांचं फदफदं परवडेल का?

अनुबियास हे नाव शॉट नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५७ साली ठेवलं, इजिप्तच्या अनुबिस देवावरून. आपल्याकडे उठावात इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर तोफा डागल्या त्याच साली तो माणूस अळूची भावंडं मोजत बसला होता.

---

ओसरीवाली
१७ जून, रात्री १०.१०

काका, बांधलं. खोडाचं एक टोक मऊ निघालं, अर्धा इंच कापलं, वास अगदी सडक्या बटाट्याचा. बाकी टणक आहे. सासूबाईंच्या मशीनचा दोरा घेतला, त्यांनी विचारलं "आता माशांना परकर शिवतेस का?"

फारच ठिपके असलेली चार पानं देठापासून कापली. बरोबर केलं ना? आता सातच उरलीत, बोडकं दिसतंय. आणि अजून काय लावू?

---

काठावरचा बगळा
१७ जून, रात्री १०.५५

बरोबर. एका वेळी साधारण तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका एवढंच.

अजून काय लावायचं याआधी एक गोष्ट. नुसती हळू वाढणारी झाडं घेऊन टँक सुरू केला की पहिले दोन-तीन महिने त्रास ठरलेला, हे कोणी सांगत नाही. मासे घाण करतात, त्यातून अमोनिया, मग नायट्रेट. ते खायला अनुबियासला वेळ नाही. म्हणून सुरुवातीला एखादं हावरं झाड सोबत ठेवा. हॉर्नवर्ट घ्या, मूळ नसतं, नुसतं तरंगत सोडायचं. किंवा त्याहून सोपं, घरातल्या मनीप्लांटची फांदी. पानं बाहेर, मुळं पाण्यात, फिल्टरच्या मागे अडकवून द्या. पानं हवेत असल्यामुळे तिला कार्बनची ददात नाही आणि जेवण टँकमधलं. माझ्या टँकमागचा मनीप्लांट आता पुस्तकांच्या कपाटावर पोचलाय.

झाडं म्हणाल तर जावा फर्न घ्या, अनुबियाससारखंच बांधायचं. आणि क्रिप्टोकोरिन वेंडटी दोन-तीन. ते मात्र पुरायचं.

---

काळी माती
१८ जून, सकाळी ६.२०

क्रिप्टला नुसती संगमरवरी खडी काय कामाची? ते मुळानं खाणारं झाड आहे. मी देवासजवळ शेती करतो. "मालव माटी गहन गंभीर" उगाच नाही म्हणत. आपली काळी माती चिकणमाती आहे, खताचे कण धरून ठेवते आणि मुळांना हळूहळू देते. पण टँकमध्ये नुसती पसरलीत तर पंधरा दिवस कढी झालेली बघाल. मी काय करतो, शेतातली माती, ज्या तुकड्यात खत-फवारणी नाही तिथली, चाळतो, भिजवतो, बोराएवढ्या गोळ्या वळतो आणि जूनच्या आधीच्या उन्हात आठवडाभर खडखडीत वाळवतो. मग क्रिप्टच्या मुळाशेजारी दोन इंच खोल दाबतो, वर जाड वाळू. गोळी दाबताना झटकन खुपसायची, नाहीतर बोटातच विरघळते. सहा महिन्यांनी पुन्हा.

शेण घालू नका. एकानं घातलं होतं, मासे एका रात्रीत गेले. तो मीच.

---

हायपो
१८ जून, सकाळी ८.००

संगमरवरी खडीवर लिंबू पिळून बघा ताई. फेस येईल. म्हणजे ती पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाणी जड करते. इंदुरात त्याची गरज नाही, बोरिंगचं पाणी आधीच जड. तुमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी की बोरिंगचं?

---

ओसरीवाली
१८ जून, दुपारी २.३०

दोन्ही. नर्मदा एक दिवसाआड येते, ती हौदात. वरच्या टाकीत बोरिंग, आणि हौद भरला की तेही त्यात. लिंबू पिळलं, सोड्यासारखं फसफसलं! दोन इंच खडी काढून टाकायची का आता?

---

टेट्रा_टेक
१८ जून, दुपारी ३.०५

काढा काढा. माझ्या मीटरवर आमच्या कॉलनीत बोरिंगचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ९०० च्या वर येतो, नर्मदेचा ३०० च्या आत. आमचे आजोबा सांगतात, १९७८ मध्ये जलूदहून नर्मदा इंदुरात आली तेव्हा लोकांनी नळाची पूजा केली. टँकसाठी मीही करतो.

---

काठावरचा बगळा
१८ जून, सायंकाळी ६.४५

एकदम काढू नका, गाळात राहणारे उपयोगी जिवाणू सगळे जातील. आठवड्याला पाव हिस्सा काढा आणि त्या जागी नदीची धुतलेली जाड वाळू घाला. पाणी बदलताना हौदातलं, नर्मदेच्या दिवशीचं, हायपो टाकून. जड पाण्यानं अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट मरत नाहीत, फक्त पानांवर पांढरी खरबरीत पूड धरते. गप्पींना तर जड पाणी आवडतंच. घाबरून आरओचं पाणी भरू नका, नुसत्या आरओत क्षार नसतात, झाड आणि मासे दोघांचे हाल.

---

ओसरीवाली
९ जुलै, रात्री ९.२५

वाईट बातमी. जावा फर्न आणि तीन क्रिप्ट आणली, या वेळी दुसरीकडून, पानं लोंबवून बघून. वाळूत लावली, देवासकरांच्या पद्धतीनं गोळ्या वळल्या. क्रिप्ट पाच दिवस छान होती. सहाव्या दिवशी पानांना काचेसारखे पारदर्शक डाग, आठव्या दिवशी सगळी पानं लिबलिबीत. पुन्हा वास नको म्हणून मी तिन्ही उपटून टाकली. जावा फर्नच्या पानांखाली काळे-तपकिरी ठिपके आलेत, ओळीत. तेही टाकू का? खरंच, नको झालंय.

---

काठावरचा बगळा
९ जुलै, रात्री ९.३३

उपटून कुठे टाकलीत? ओल्या कचऱ्यात? गाडी गेली का?

---

ओसरीवाली
९ जुलै, रात्री ९.३९

तुळशीशेजारच्या कुंडीत, खत होईल म्हणून. का?

---

काठावरचा बगळा
९ जुलै, रात्री ९.४१

आत्ता उठा, बॅटरी घ्या, कुंडी उकरा. मुळासकट गड्डा शोधा, पांढरा, टणक, करंगळीच्या पेराएवढा. जसा आहे तसा परत वाळूत लावा. क्रिप्ट वितळतं हे त्या झाडाचं वळणच आहे. जागा बदलली, पाणी बदललं, उजेड बदलला की सगळी पानं सोडून देतं आणि मुळावर जगतं. शिवाय दुकानातली क्रिप्ट बहुतेक हवेत वाढवलेली असतात, ती पानं पाण्यात चालत नाहीत. तीन-चार आठवड्यांत पाण्यातली नवी पानं फुटतात. मेलेली पानं तेवढी कापायची, झाड कधीच उपटायचं नाही.

जावा फर्नचे ओळीतले ठिपके म्हणजे बीजाणू. नेचा आहे तो, नेच्याच्या पानामागे असतातच. टोकाला बारकी पिल्लं आणि केसासारखी मुळं दिसतील बघा. पानावरच पोरं वाढवतं.

---

ओसरीवाली
९ जुलै, रात्री १०.५०

पावसात छत्री आणि मोबाइलची बॅटरी घेऊन कुंडी उकरली. दोन सापडले. तिसऱ्याचा पत्ता नाही. सासूबाई ओसरीवरून विचारत होत्या काय पुरलंयस, सोनं का. लावले दोन्ही.

---

काळी माती
१० जुलै, सकाळी ६.०५

तिसरंही कुंडीतच असेल. पावसाळाभर कुंडी ओली ठेवा, बाहेर येईल.

---

गोगलगाय_९
२२ जुलै, दुपारी १२.४०

मध्येच घुसतोय. नव्या झाडांबरोबर माझ्या टँकमध्ये बारक्या गोगलगाई आल्या, आता शेकड्यांनी आहेत. आणि जावा मॉसही फार वाढलंय. मी विचार करतोय रविवारी दोन्ही सिरपूर तलावात सोडून यावं. बिचाऱ्यांना मारायचं कशाला.

---

हायपो
२२ जुलै, दुपारी १.०२

अजिबात नाही!! सिरपूरला २०२२ मध्ये रामसर दर्जा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना देतात तो) मिळाला, यशवंत सागरलाही. पक्षी बघायला आम्ही हिवाळ्यात तिथे जातो. टँकमधली एक सकर मासळी कोणीतरी दया येऊन तलावात सोडतं, आणि पुढे तलावात तीच उरते. जलपर्णीही एके काळी कोणीतरी शोभेला म्हणूनच आणली होती. मॉस उन्हात वाळवून ओल्या कचऱ्यात दे. गोगलगाई गोठवून मग त्याच डब्यात. कमी खाऊ घाल, म्हणजे त्याही कमी होतील, त्या तुझ्या जास्तीच्या खाण्यावर पोसल्यात.

पुढच्या वेळी नवं झाड आणलं की चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर तुरटीची पूड घालून दोन-तीन तास भिजव, धुऊन मग लाव.

---

ओसरीवाली
३० ऑगस्ट, रात्री ९.१५

एका क्रिप्टला तीन पानं आली. तपकिरी, कडा कुरळ्या, दुकानातल्या पानांशी काहीही साम्य नाही. दुसऱ्याला आत्ता एक टोक दिसतंय, तांदळाच्या दाण्याएवढं. रोज सकाळी पोळ्या करायच्या आधी भिंग घेऊन बघते.

आणि कुंडीतलं तिसरंही उगवलं. त्याला तिथेच राहू दिलंय.

अनुबियासला बांधल्यापासून तीन पानं. नव्या पानांवर एकही ठिपका नाही. मात्र जावा फर्नच्या कडांवर काळी दाढी आलीय, बोटानं निघत नाही.

---

टेट्रा_टेक
३० ऑगस्ट, रात्री ९.४०

काळी दाढी हे लाल शेवाळ असतं, नाव तसं आणि रंग असा. दगडासकट झाड बाहेर काढा, मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड जुन्या रंगाच्या ब्रशनं फक्त दाढीवर लावा, दोन मिनिटं थांबा, धुऊन परत ठेवा. दोन-तीन दिवसांत गुलाबी होईल, मग गप्पीच खातील. फिल्टरचं पाणी थेट त्या पानावर येतंय का तेही बघा, माझ्याकडे तसंच होतं.

---

ओसरीवाली
४ सप्टेंबर, सकाळी ७.३०

खरंच गुलाबी झाली! शिमग्यासारखी. थँक्यू रे बाळा. फिल्टरचं तोंड भिंतीकडे वळवलं.

---

काळी माती
१९ मे, दुपारी ३.५५

धागा वर काढतोय. आमच्याकडे टँकचं पाणी ३४ वर गेलंय. गोळ्या-बिळ्या सगळं ठीक, पण जावा फर्न काळवंडतंय आणि मासे वर तोंड काढून आहेत. काय करता तुम्ही लोक?

---

काठावरचा बगळा
१९ मे, दुपारी ४.२०

आधी हवेचा पंप चालू करा. २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसातच. मग वरचं झाकण काढून छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. माळव्यातली मे महिन्याची हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. कूलर चालतो तोच हिशेब. जुलैत हवा दमट झाली की ही युक्ती चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते. बर्फाची बाटली नको, पाणी झटकन उतरतं आणि झटकन चढतं.

फॅननं रोज बोटभर पाणी उडेल. ती भर मात्र आरओच्या पाण्यानं घाला. वाफ पाण्याची होते, क्षार मागेच राहतात, त्यावर बोरिंग ओतत राहिलात तर जूनपर्यंत टँकमध्ये चुना. आरओचा उपयोग एवढाच.

---

ओसरीवाली
१९ मे, रात्री ८.३५

धागा वर आलाच आहे तर सांगते. आमचं माजघर दुपारी बाराला दिवा लावावा लागतो असं, पण मे महिन्यात पाणी ३० च्या वर गेलं नाही. दोन-दोन फुटी भिंती आहेत. लेक आलाय सुट्टीला, म्हणाला "आई, हा माझाच टँक आहे का?"

आणि गेल्या आठवड्यात अनुबियासला फूल आलं. पाण्याखालीच. आधी वाटलं पान गुंडाळलेलं आहे. मग वरून सुटलं, नखाएवढी पांढरट वाटी आणि मध्ये दांडी. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर परसातल्या अळूचं." त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

खोड आता दगडाबाहेर चार बोटं लोंबतंय. कापून दोन करावं म्हणते. प्रत्येक तुकड्याला निदान चार पानं राहतील. एक तुकडा कोणाला हवाय का?

---

टेट्रा_टेक
१९ मे, रात्री ८.३७

मला. सिलिंडर संपलाय आणि इंटर्नशिप लागलीय, कात्री चालवायला वेळ नाही. काकू, रविवारी येऊ का?

---

ओसरीवाली
१९ मे, रात्री ८.५१

ये. सकाळी नऊला, पोहे असतील. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात देते, घरी जाईपर्यंत वाळू देऊ नकोस. पुरू नकोस. दोरा माझ्याकडचाच ने. डबा परत पाहिजे.